त्रेचाळीस नंबरचा बिल्ला

"थांबले काहून? सांगा नं पुढं. बाटली कोठी लपोली होती, ते सांगा. मलेही हसू द्या."

आवाज दारातून आला, आणि असा आला की भिंतीला टांगलेले घण खाली येतात की काय असं वाटलं. टाकळी खदानीच्या संग्रहालयात, म्हणजे जुन्या हजेरी ऑफिसच्या तीन खोल्यांत, मी तेव्हा अंजनगाव सुर्जीहून आलेल्या बचत गटाच्या तीस-पस्तीस बायकांना माझा सगळ्यात चालणारा किस्सा सांगत होतो. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. एकीला तर ठसका लागला होता. दारात पंचेचाळिशीची एक बाई उभी होती. डोक्यावरून ओढणी, हातात मोबाईल उंच धरलेला. मोबाईलमध्ये मीच होतो. तिथंही मी तोच किस्सा सांगत होतो आणि तिथलेही लोक हसत होते.

"हे तुमीच नं?"

"मीच, बाई."

"मंग नाव घ्या त्याचं. याच्यात घेतलं तसं घ्या. यूसुफ पहारवाला म्हणा. माहा बाप हाय तो."

पस्तीस बायका एकदम गप्प झाल्या की कशी शांतता पडते, ते मी सांगू शकत नाही. सुरुंग उडून गेल्यावर खदानीच्या काठावर जो उभा राहिला असेल त्यालाच ती ओळखीची वाटेल.

या अंकाच्या संपादकांनी मला फोन करून सांगितलं, "काका, तुम्ही बोलता तसंच खुसखुशीत लिहा, दिवाळी आहे." लिहितो. खुसखुशीत जेवढं आहे तेवढं आधी वाढतो. पुढचं ताटात पडेल तसं खा.

आधी आमचं गाव. अकोल्याहून पातूरकडे जाताना डाव्या हाताला एक कच्चा रस्ता फुटतो, तो जिथं दम लागून बसतो तिथं टाकळी खदान. आमचा दगड इतका काळा की त्याच्यापुढं अमावास्याही चांदणं पडल्यासारखी वाटते. इतका टणक की घणालाच घाम फुटायचा. अर्ध्या हिंदुस्थानची रेल्वे टाकळीच्या गिट्टीवरून धावते असं मी पाहुण्यांना सांगतो. एकानं विचारलं, "मंग बाकीची अर्धी?" म्हटलं, "तिथं दुसऱ्याची गिट्टी हाय, म्हणून तर गाड्या लेट होतात."

खदान बंद पडली, कंपनी निघून गेली, खड्ड्यात पाणी भरलं. त्या पाण्याचा तळ कोणी पाहिलेला नाही. मी सांगतो की एकदा त्यात म्हैस पडली ती तिसऱ्या दिवशी पूर्णा नदीत निघाली. पुढं ग्रामपंचायतीच्या मनात आलं की पोरांना कळलं पाहिजे आपले आजे काय करत होते. हजेरी ऑफिस तेवढं उभं होतं. त्याची चावी माझ्याकडे होती, कारण कंपनीनं जाताना माझ्याकडून ती मागितलीच नाही. अशा रीतीनं मी संग्रहालयाचा प्रमुख झालो. माझी एवढीच पात्रता.

या कामाचं बाहेरच्याला फार कौतुक वाटतं. प्रत्यक्षात त्यातलं निम्मं काम फडकं मारणं हे आहे. खदान बंद होऊन इतकी वर्षं झाली तरी काळी भुकटी अजून कुठून येते ते देवाला ठाऊक. सकाळी पुसलेली काच दुपारी पुन्हा काळी. उरलेल्या निम्म्यातलं निम्मं म्हणजे लोक आणून देतात त्या वस्तूंना नाही म्हणणं. पातूरचा एक गृहस्थ आजीचा पाटा-वरवंटा घेऊन आला. खदानीचा दगड आहे, ठेवून घ्या म्हणाला. म्हटलं, भाऊ, या हिशोबानं मला जिल्ह्यातली सगळी स्वयंपाकघरं इथं आणावी लागतील. एक नवरा-नवरी लग्नाआधीचे फोटो काढायला आले आणि सुरुंगाच्या भोंग्याला मिठी मारून उभे राहिले. त्यांना सांगितलं, भोंगा वाजला की लोक पळतात, लग्नाला बरा शकुन नाही. ऐकलं नाही. फोटो छान आले म्हणतात.

आणि उरलेलं पाव काम म्हणजे सांगणं. तेच खरं काम. आमच्या दगडाला रग असते. रगेच्या बाजूनं छिन्नी लावली तर एका ठोक्यात दगड दोन होतो, आडवी लावली तर दिवसभर ठोका, काही होत नाही. पाहुण्याचंही तसंच असतं. दारात चपला काढतानाच मला कळायचं कोणाची रग कुठं आहे. शाळेच्या पोरांना भूत पाहिजे, बायकांना नवरा-बायकोची गंमत, निवृत्त लोकांना पूर्वी कसं चांगलं होतं हे. ज्याला जे लागेल ते द्यायचं, आणि एखाद्या जागी हशा पिकला की पुढच्या खेपेला तिथं मूठभर वाढवायचं. चौदा पौंडाचा घण असाच वाढत वाढत माझ्या हाताखाली अठ्ठावीस पौंडाचा झाला. अमरावतीचे एक निवृत्त इंजिनियर मात्र दुसऱ्या खेपेला वजनाचा काटा घेऊनच आले. घण लटकवला, चौदा. माझ्याकडे पाहिलं. म्हटलं, "साहेब, पाह्यलं का? लोखंड झिजते."

तर या तीन खोल्यांतली सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे बिल्ल्यांचा बोर्ड. लाकडी फळा, त्यावर ऐंशी खिळे, प्रत्येक खिळ्याखाली नंबर, आणि खिळ्यावर त्याच नंबरचा पितळी बिल्ला. खदानीत हा फळा देवासारखा होता. सकाळी गडी खिडकीशी यायचा, आपला बिल्ला घ्यायचा आणि खाली उतरायचा. दुपारी सुरुंग लावायची वेळ झाली की सगळे वर यायचे आणि बिल्ला खिडकीत परत द्यायचे. बिल्लेवाला तो आपापल्या खिळ्यावर लावायचा. फळा भरला म्हणजे खाली माणूस नाही. मग बिल्लेवाल्यानं हिरवं निशाण दाखवायचं, भोंगा तीनदा वाजायचा आणि काठावरूनच वात पेटायची. एक जरी खिळा रिकामा असला तरी निशाण उचलायचं नाही. भले दुपारची संध्याकाळ होवो.

तो बिल्लेवाला मी होतो. चोवीस वर्षांचा, डोक्यावर टोपी, कानात अत्तराचा बोळा. ऐंशी माणसांचा जीव माझ्या पंज्याएवढ्या खिडकीतून आत-बाहेर करायचा, आणि मला त्याचा मोठा रुबाब होता.

आता तो किस्सा. फळ्यापाशी पाहुणे आले की मी त्रेचाळीस नंबरच्या बिल्ल्यावर बोट ठेवायचो. "हा बिल्ला एका बहाद्दराचा," मी म्हणायचो. "गडी वर आला, बिल्ला दिला, भोंगा वाजणार, तेवढ्यात त्याले आठवलं की बाटली खाली कपारीत राहिली. बाटलीले काही झालं तं? मांगं फिरला. आमी ओरडून राहिलो, हातानं ये ये करून राहिलो, तो म्हणे, तुमी व्हा पुढं, मी तिले घेऊन येतो." इथं हशा. मग तो बाटलीशी कसा बोलला, ते. मग दुसरा भोंगा झाला तेव्हा त्यानं कसा घोट घेतला, ते. वर्षं जात गेली तशी एका बाटलीच्या दोन झाल्या, तो गाणं म्हणू लागला, शेवटी शेवटी तर तो कपारीवर नाचायला लागला होता. आणि मग मी आवाज खाली आणून म्हणायचो, "तिसरा भोंगा झाला." आणि गप्प व्हायचो. पाहुणे च् च् करायचे. दारूचे वाईट परिणाम म्हणून मास्तर लोक खूश व्हायचे. नाव मी कधी घेत नव्हतो. पण मागच्या वर्षी एक मोबाईलवाला पोरगा आला, त्यानं चांगलं रंगात आल्यावर मध्येच विचारलं, "काका, नाव काय हो त्याचं?" आणि मी रंगातच होतो.

बाईचं नाव नसीम. तेल्हाऱ्याच्या अंगणवाडीत काम करते. बचत गटाच्या बायकांना मी खड्ड्याचं पाणी पाहायला काठावर पाठवलं आणि तिला आतल्या खोलीत खुर्ची दिली. चहा मागवला. तिनं कपाला हात लावला नाही.

"माह्या पोरानं दाखोलं हे," ती म्हणाली. आता ओरडत नव्हती. "कॉलेजात त्याले दोस्त 'बाटली' म्हणतात. आता तो कॉलेजातच जात नाही म्हणते. पण मी त्याच्यासाठी नाही आली, चाचा. अम्मी लय बिमार हाय. डाक्टरनं सांगितलं, आता घरीच ठेवा. चाळीस वर्षं ते म्हणून राहिली, माहा मालक पीत नोयता. कोणी मानलं नाही, सरकारी कागदात लिहेल होतं नं. मीबी मानलं नाही. तुमी तिथं होते. मले एवढंच पाह्यजे. तुमी त्याले पिताना पाह्यलं का? पाह्यलं असन तं व्हय म्हणा, मी चुपचाप जाते."

मी म्हटलं, "बेटा, ते आयकीव गोष्ट हाय. लोक सांगत, मी सांगून राहिलो."

आयुष्यात मी पुष्कळ खोटं बोललो, त्यातलं बरंचसं लोकांनी आवडीनं ऐकलं. हे एक वाक्य मात्र माझ्याच तोंडात भुकटीसारखं कुरकुरलं. ती उठली. ओढणी नीट केली. "बरं," म्हणाली आणि दाराकडे वळली. तिची पाठ दिसली, आणि मला कळलं की ही गेली की त्रेचाळीस नंबरची खरी गोष्ट या जगात फक्त माझ्यापाशी उरेल. ती ठाऊक असलेला आमचा मुकादम मेला होता. यूसुफच्या जोडीचा सुदाम मेला होता. माझी पाळी कधीही येऊ शकत होती.

"बस," म्हटलं. "सांगतो."

तिला सांगितलं तेच इथं लिहितो. तिला सांगताना अडखळलो होतो, इथं सरळ लिहितो.

खदानीतून वर यायची वाट नागमोडी होती, खालपासून काठापर्यंत चांगली सात मिनिटांची चढण. वर आलं की खिडकीसमोर ऐंशी माणसांची रांग. आणि जेवायची सुट्टी तेवढीच. म्हणून गड्यांनी एक रीत पाडली होती, तिला ते 'मूठ' म्हणायचे. पाच जणांचे बिल्ले एकानं मुठीत आणायचे आणि खिडकीत ओतायचे. बाकीचे चार मागून निवांत येऊन सरळ भाकरीला बसायचे. नियमात ते बसत नव्हतं. ज्याचा बिल्ला त्यानंच द्यायचा, तोंड दाखवून द्यायचा, हे खिडकीवरच लिहिलेलं होतं. पण मुठी आल्या की माझी रांग पाचपटीनं लवकर सरायची. मी घ्यायचो. मुकादम पाहायचा आणि पाहिलं नाही असं करायचा. कित्येक वर्षं मुठी चालल्या, कोणाच्या केसाला धक्का लागला नाही.

यूसुफ पहारीनं दगडाला भोकं पाडायचा. दिवसभर उन्हात उभं राहून पहार आपटणं. त्या दिवसांत रमजान होता आणि उन्हाळा होता. आमचा काळा दगड दुपारी तव्यासारखा तापतो. यूसुफ रोजा ठेवायचा, थुंकीही गिळायचा नाही. त्या दुपारी त्यानं आपला बिल्ला सुदामच्या मुठीत दिला आणि म्हणाला, "तू हो पुढं, मी घडीभर कपारीच्या सावलीत टेकतो आणि येतो." सुदाम वर आला. पाच बिल्ले ओतले. त्रेचाळीस नंबर हातात आला तेव्हा मी विचारलंसुद्धा, "यूसुफ?"

"येऊन राहिला मांगून," सुदाम म्हणाला.

मी बिल्ला खिळ्यावर लावला. फळा भरला. मी निशाण उचललं.

पहिल्या भोंग्यापासून वात पेटेपर्यंत पाच मिनिटं असायची. त्याला झापड लागली असावी. भोंग्यानं तो जागा झाला असेल आणि पळाला असेल. वाट सात मिनिटांची होती.

धूर बसल्यावर तो आम्हाला वाटेवरच सापडला. बरंच अंतर चढून आला होता. तोंड वरच्या दिशेनं होतं.

चौकशीला बाहेरून साहेब आले. त्याआधी मुकादमानं मला आणि सुदामला बाजूला घेतलं. बिल्ला खिळ्यावर आणि माणूस खाली, हे कसं, असा पहिला प्रश्न येणार हे त्याला माहीत होतं. खरं सांगितलं तर मी तुरुंगात, सुदाम तुरुंगात, आणि मुकादमही तिथंच. मुकादम म्हणाला, "तो वर आल्ता म्हणा. बिल्ला दिला आणि पुन्हा खाली गेला. पण काहून गेला? काही तरी पाह्यजे." सुदाम रडत होता. मुकादम माझ्याकडे पाहायला लागला. गोष्टी सांगण्यात मी तेव्हाही हुशार होतो. मी म्हटलं, "बाटली."

इतकं सोपं होतं. त्याला पाच सेकंदंही लागली नाहीत. त्यात रमजान चालला होता हे माझ्या डोक्यात आलंच नाही. आलं तेव्हा साहेबांच्या कागदावर माझी सही होऊन गेली होती. साहेबांनी एकच विचारलं, "वाटेवर मिळाला तेव्हा तो कुठल्या दिशेला जात होता?" मी म्हटलं, "खाली." खदानीतल्या सगळ्यांना माहीत होतं की रोजाचा माणूस दारू पीत नाही आणि यूसुफ तर एरवीही पीत नव्हता. कोणी बोललं नाही. सगळ्यांनी कधी ना कधी मूठ दिलेली होती.

पुढं सुदामनं खदान सोडली. मुकादम म्हातारा होऊन मेला. मी संग्रहालय चालवलं. लोक विचारतील, त्याच माणसावर हसवायला तुझी जीभ कशी रेटली? मी हा प्रश्न स्वतःला विचारून पाहिला आहे. उत्तर असं की गोष्ट पहिल्यांदा सांगताना मी फळ्याकडे पाठ केली होती. दहाव्यांदा नाही. लोक हसले की ती माझ्यापासून थोडी लांब जायची. दोन बाटल्या झाल्या तेव्हा आणखी लांब गेली. तो नाचायला लागला तेव्हा तो यूसुफ राहिलाच नव्हता. मी त्याला वाढवत नव्हतो, पुरत होतो. वरून दगड टाकत होतो.

नसीमनं हे सगळं ऐकलं. मला वाटलं होतं ती ओरडेल. मी तयार होऊन बसलो होतो, मारलं असतं तरी चाललं असतं.

"रोजा होता हे तुमाले माईत होतं?"

"होतं."

"आणि तोंड वर होतं?"

"वर होतं."

तिनं न प्यालेला कप बाजूला सारला. मग उठली. "मंग मले काहून सांगता? चला तेल्हाऱ्याले. अम्मीले सांगा."

एक गोष्ट नंतरची आहे, पण इथंच सांगून टाकतो, कारण तेल्हाऱ्यानंतर मला काही लिहायचं नाही. फळ्याखाली आता एक पाटी आहे. मीच रंगवून घेतली. तिच्यावर यूसुफचं पूर्ण नाव आहे, तो रोजानं होता हे आहे, आणि बिल्लेवाल्यानं तोंड न पाहता बिल्ला घेतला हे आहे, बिल्लेवाल्याच्या नावासकट. पंचायतीतले एकदोघं म्हणाले, "काका, बाहेरचे लोक येतात, गावाची बदनामी काहून?" म्हटलं, माझी होऊ द्या, गावाची नाही. किस्सा ऐकायला म्हणून येणारे आता पाटी वाचतात आणि लवकर निघून जातात. वर्ष संपताना मी चावी दिली. या खेपेला कोणी मागायची वाट पाहिली नाही. त्या मोबाईलवाल्या पोराला गाठून तो व्हिडिओ काढायला लावला. त्यानं काढला. पण लोकांनी आपापल्या मोबाईलमध्ये ठेवलेले कोण काढणार? नसीमच्या पोरासाठी मी एक नवा व्हिडिओ केला, त्यात खरं सांगितलं. तो बारा जणांनी पाहिला.

त्या दिवशी बचत गटाच्या बायकांना वाटेला लावून मी कुलूप लावलं आणि तिच्या मागून निघालो. अकोल्याला गाडी बदलली. तेल्हाऱ्याच्या गाडीत ती पुढं बायकांच्या जागेवर बसली आणि मी मागं. एकदाही वळून पाहिलं नाही तिनं. दोन्ही बाजूंना पऱ्हाटीची शेतं, बोंडं फुटलेली. मी बसमध्ये कबुलीचे चार प्रकार रचले. चारही चांगले होते, म्हणून चारही टाकून दिले.

स्टॅण्डवर उतरल्यावर ती पहिल्यांदा बोलली. म्हणाली की अब्बा गेल्यावर वर्षाच्या आत दादीनं अम्मीला दोन पोरींसकट घराबाहेर काढलं. माझा लेक सोन्यासारखा होता, तू घरात आल्यावर तो रमजानमध्ये प्यायला शिकला, असं म्हणाली. तेव्हापासून अम्मी इथं भावाच्या आडोशाला, गोधड्या शिवून. मेल्यावरही दादीचं तोंड पाहू दिलं नाही तिला. एवढं सांगून नसीम पुढं चालायला लागली.

तेलघाणीच्या मागच्या गल्लीत दीड खोलीचं घर होतं. खाटेवर हमीदाबी होत्या. मला आठवत होती ती काठावर डबा घेऊन येणारी ठसठशीत बाई. खाटेवर तिच्यातलं मूठभर काही तरी उरलं होतं. श्वास घेताना छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. नसीमनं त्यांना उशीला टेकवून बसवलं आणि कानाशी म्हणाली, "अम्मी, टाकळीचे बिल्लेवाले आले. अब्बाचं सांगाले."

त्यांनी मला बराच वेळ पाहिलं. "टोपी होती तुमाले," म्हणाल्या.

"होती."

मी खाली फरशीवर बसलो. सुपारीएवढ्या गोष्टीचा डोंगर करणारा मी, मला तिथं सगळी मिळून सहा वाक्यं सुचली. यूसुफभाई त्या दिवशी वर आलेच नव्हते. त्यांचा बिल्ला दुसऱ्याच्या हातून आला आणि मी तो घेतला. निशाण मी दाखवलं. बाटली नव्हती, बाटली मी बनवली. ते रोजानं होते. ते वरच येत होते, पळत येत होते.

बोलून झाल्यावर मी मान खाली घातली. बाहेर तेलघाणीचा आवाज चालू होता. नसीम भिंतीला टेकून उभी होती, ओढणीचं टोक तिच्या दातांत होतं. तिला वाटलं असावं की अम्मीला नीट ऐकू आलं नाही. ती खाली वाकली.

"अम्मी, आयकलं नं?"

"आयकलं," हमीदाबी म्हणाल्या. "हे माह्या सासूले सांगाचं होतं. ते तं मेली."